चुकलेल्यांची रांग

सकाळी साडेसहाला शाळेला निघाले आणि जिन्याखाली येऊन बघते तर माझ्या स्कुटीच्या मागच्या चाकातून बैलाची साखळी ओवलेली, आणि तिला हे एवढं मोठं कुलूप! मी आमच्या सोसायटीची चेअरमन होते हो! नको नको म्हणत असताना लोकांनी हातापाया पडून मला त्या खुर्चीत बसवलं होतं. आणि चेअरमनच्याच गाडीला दावं? साखळीत एक चिठ्ठी खोचलेली होती. 'वाहन रेघेबाहेर चार बोटे. सबब अडकवले आहे. सचिव.' तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तरी वाकून बोटं लावून पाहिली. चारच होती.

सचिव म्हणजे आमचे यार्डवाले. नाव त्यांना होतं, सोसायटीच्या प्रत्येक नोटिशीखाली त्यांची सही असायची. पण केजमधल्या आमच्या त्या छत्तीस घरांत कुणी ते नाव घेऊन हाक मारल्याचं मला आठवत नाही. एका सहकारी साखर कारखान्यात त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं होतं. उसाच्या बैलगाड्या कारखान्याच्या आवारात येऊन थांबतात, त्या जागेला यार्ड म्हणतात. आलेल्या गाडीला नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा आणि नंबर येईल तशी गाडी वजनकाट्यावर सोडायची, हे ते काम. ऐकायला सोपं वाटतं. पण शेकडो गाड्या, दोन-दोन दिवस ताटकळलेली माणसं, तहानलेले बैल, आणि प्रत्येकाला घाई. तिथं ज्यानं तीस वर्षं काढली तो माणूस आमच्या सोसायटीत राहायला आला, आणि आल्या महिन्यात त्यानं अंगणात चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या.

त्याआधी आमच्याकडं पार्किंग कसलं म्हणता! जो आधी येईल त्यानं जिन्यात गाडी घालावी, आणि जो नंतर येईल त्यानं त्याला आडवी लावावी. सकाळी निम्मी बिल्डिंग हॉर्न वाजवत उभी असायची आणि उरलेली निम्मी खिडकीतून शिव्या द्यायची. यार्डवाल्यांनी प्रत्येक घराला एक चौकट आखून दिली. दर शनिवारी फक्कीचा डबा घेऊन सगळ्या रेघा पुन्हा उजळायचे. स्वतःजवळ फक्त सायकल. तीही आपल्या चौकटीत अशी बरोबर मधोमध लावायचे, की चारी बाजूंनी टेप लावावा.

अंगानं किरकोळ. पांढरा पायजमा, खाकी शर्ट. शर्टाच्या खिशात खडू, टेप आणि एक जुना पितळी बिल्ला. बोलताना त्यांचा अंगठा सारखा त्या बिल्ल्यावर फिरत असायचा. मी एकदा म्हटलं, "दाखवा की, कितवा नंबर आहे?" तर लगेच खिशात टाकला. "तुमच्या कामाचा न्हाई, चेरमन बाई." मला वाटलं, असेल नोकरीची आठवण. माणसं घड्याळ जपतात, यांनी बिल्ला जपला.

गाडी म्हणजे त्यांच्या लेखी जनावरच. मोटरसायकल भिंतीकडं तोंड करून लावलेली दिसली की मालकाला खाली बोलवायचे. "तोंड तिकडं कावून केलं? निघायच्या टायमाला जनावर वळवत बसायचं असतंय का?" कुणाच्या गाडीचं तेल गळत असलं तर म्हणायचे, "हिला काय तरी झालंय, दवाखाना दावा." आणि हे सगळं गंभीर चेहऱ्यानं. हसायची सोय नाही.

आणखी एक खोड. कुणाच्या घरी पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. मीटिंगला येताना काखेत स्वतःची बाटली. चहाचा कप पुढं केला तर हात जोडायचे. एकदा मी चिडून विचारलं, "आमच्या चहात काय विष आहे का?"

"न्हाई बाई. पर यार्डात कुनाचा चहा पिला की त्याचा नंबर सरकतो."

"हे यार्ड नाही हो!"

"माझ्यासाठी हाय," ते म्हणाले आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले. मी हात टेकले.

एकदा दुसऱ्या मजल्यावर मुलगी बघायला परळीकडचे पाहुणे आले. त्यांनी जीप लावली ती नेमकी दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर. पाहुणे पोहे खाऊन उतरतात तर जीपला साखळी! मुलीचा बाप रडकुंडीला आला. "यार्डवाले, पोरीच्या लग्नाचा सवाल हाय, सोडा की." यार्डवाल्यांनी घड्याळ दाखवलं. "दोन घंट्याची शिक्षा हाय. पाऊन घंटा झालाय." पाहुणे परत वर गेले. पुन्हा पोहे झाले, चहा झाला, मुलीनं गणिताच्या वह्या दाखवल्या, मुलगा तिच्याशी गच्चीवर जाऊन बोलला, आणि साखळी सुटायच्या आधी लग्न ठरून गेलं. पत्रिकेत यार्डवाल्यांचं नाव प्रेषक म्हणून टाकलं होतं. लग्नाला गेले, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आले.

त्यांचं खरं वैर होतं ते गुत्तेदाराशी. हा दिंद्रुडकडचा धिप्पाड गडी रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा. पांढरी मोठी जीप, आवाज त्याहून मोठा. त्याची जीप चौकटीत मावायची नाही, आणि मावली असती तरी त्यानं ती सरळ लावली नसती. महिन्यातून एकदा तरी तो तणतणत माझ्याकडं तक्रार घेऊन यायचा. मग जिन्याखालच्या आमच्या ऑफिसात, एक टेबल आणि तीन खुर्च्या, सुनावणी व्हायची.

"जीप माझी, घर माझं, मंग जागा कुनाची बे?" गुत्तेदार टेबलावर हात आपटायचा.

"जागा रेघेची," यार्डवाले म्हणायचे.

"बाई, ह्या माणसाला समजवा! न्हाई तर मी त्याच्या सायकलीवरनं जीप घालीन!"

"घाला. सायकल चौकटीत हाय. गुन्हा तुमच्या नावावर लागंल."

मी दोघांना गप्प करायची आणि शेवटी यार्डवाल्यांच्या बाजूनं निकाल द्यायची. कारण मोजलं की ते बरोबरच निघायचे. माणूस सारखा बरोबर निघाला की त्याचा किती राग येतो, हे मला त्या तीन वर्षांत कळलं.

मग दुष्काळ पडला. सोसायटीचा बोअर माघातच गचके खायला लागला आणि फाल्गुनात बंद पडला. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही. आम्ही रफीकभाईंचा टँकर लावला. तो चौथ्या दिवशी एक खेप करायचा. प्रत्येक घराचे दोन ड्रम अंगणात रांगेनं मांडलेले असायचे, आणि रफीकभाई पाइप घेऊन एकेक भरत जायचे. टँकरात पाणी होतं बत्तीस-तेहतीस घरांपुरतं. म्हणजे रांगेतली शेवटची तीन घरं कोरडी. म्हणून सुरुवात दर खेपेला वेगळ्या घरापासून व्हायची.

आणि पहिल्याच खेपेला काय झालं? टँकरला वळायला कडुलिंबापाशी मोकळी जागा लागते, आणि तिथं गुत्तेदाराची जीप आडवी! गुत्तेदार बीडला, किल्ली त्याच्या खिशात. रफीकभाई अर्धा तास हॉर्न वाजवत राहिले. "अजी बाई, किती टाइम थांबू? पुढं तीन वस्त्या बाकी हैत." आणि भरलेला टँकर आमच्या डोळ्यांदेखत फाटकातून मागं गेला. छत्तीस घरांचे बहात्तर ड्रम उन्हात रिकामे. बायका तिथंच मटकन खाली बसल्या. चार दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.

त्याच आठवड्यात सर्वसाधारण सभा झाली आणि यार्डवाल्यांनी ठराव मांडला. ज्याचं वाहन चुकीचं लागेल, ते घर तीन खेपा पाण्याच्या रांगेत शेवटी. पाहुण्याची गाडी असली तरी शिक्षा घराला. वाहन म्हणजे चाक असलेलं काहीही. आणि चुकलेल्यांची रांग वेगळी, बाकी सगळ्यांच्या मागं. तिच्यात जो आधी चुकला तो पुढं, जो नंतर चुकला तो मागं. भांडायला जागाच नको, म्हणाले. सभा इतकी तापलेली होती की सगळ्यांनी हात वर केले. त्या ठरावाखाली चेअरमन म्हणून सही माझी आहे, हे मी आधीच सांगून टाकते.

कडुलिंबाला एक फळा टांगला गेला आणि सोसायटी महिन्याभरात सुतासारखी सरळ झाली. गुत्तेदारसुद्धा खाली उतरून, जीभ बाहेर काढून, जीप रेघेत बसवायला लागला. लोक यार्डवाल्यांना पाठीमागं काय काय म्हणायचे ते मी इथं लिहीत नाही. पण टँकर एकदाही परत गेला नाही.

चैत्रात त्यांची लेक बाळंतपणाला आली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, कितीतरी दवाखाने झाले होते, आणि आता कुठं मुलगा झाला. काकू, म्हणजे यार्डवाल्यांची बायको, एरवी कुणाशी जास्त बोलायची नाही, पण त्या दिवसांत जिन्यात भेटेल त्याचा हात धरून सांगायची, "नातू झाला मला." बाराव्या दिवशी बारसं ठरलं. त्याच दिवशी टँकर यायचा होता, आणि त्या खेपेला यार्डवाल्यांच्या घराचा नंबर सरळ पाचवा होता. पाचवा म्हणजे दोन्ही ड्रम गच्च. काकूनं त्या हिशेबानंच पाहुणे बोलावले होते.

जावई तेलगावहून आला. नवी कोरी गाडी, टपावर पाळणा बांधलेला. हौसेच्या भरात त्यानं गाडी थांबवली ती कडुलिंबापाशी, टँकरच्या वळणावर, आणि पाळणा खांद्यावर घेऊन धावत वर गेला. तेवढ्यात टँकर आला. रफीकभाईंनी हॉर्न दिला. जावई लगेच उतरला, "सॉरी सॉरी" म्हणत गाडी बाजूला घेतली. पाच मिनिटंसुद्धा गेली नसतील. रफीकभाई हसत म्हणाले, "असू दे यार्डवाले, खुशीच्या घरचा पाव्हना हाय."

यार्डवाले फळ्यापाशी गेले आणि खडूनं लिहिलं, 'घर क्रमांक नऊ. सचिव. तीन खेपा.' मग पाचव्या जागेवरचे आपले दोन ड्रम स्वतःच्या हातानं गडगडवत रांगेच्या शेवटी नेऊन ठेवले.

दोघं-चौघं हसले. वाटलं, गंमत करतायत. मी वर पाहिलं तर काकू गॅलरीत उभी, हातात बाळाच्या कुंचीचं कापड तसंच. टँकर तेहतिसाव्या घरापाशी संपला. रफीकभाईंनी पाइप झटकून झटकून पाहिला. यार्डवाल्यांच्या ड्रममध्ये थेंब पडला नाही.

बारा दिवसांचं लेकरू, ओली बाळंतीण, संध्याकाळी चाळीस माणूस जेवायला, आणि घरात पाणी नाही! मी वर धावले, माझी भरलेली घागर उचलली आणि तशीच त्यांच्या दारात गेले. ते उंबऱ्यात आडवे उभे राहिले.

"चेरमन बाई, माघारी न्या."

"बाजूला व्हा! तुमच्यासाठी नाही आणलं, लेकरासाठी आणलंय!"

"म्हनून तर. त्याच्या वाट्याला बाराव्या दिवशीच दुसऱ्याच्या नंबराचं पानी कावून?"

"मी चेअरमन म्हणून हुकूम देते. शिक्षा रद्द."

"ठराव सभेचा हाय. सभेनं केलेला ठराव चेरमनला मोडता येत न्हाई. सही तुमची हाय, बगा."

असं वाटलं, ती घागर यांच्या डोक्यावर ओतावी. माणूस आहे का कोण आहे? पण काय करणार, घागर घेऊन परत आले, आणि घरात बसून रडले.

बारसं झालं. यार्डवाल्यांनी भर उन्हात सायकलवर दोन कॅन लावून गावाबाहेरच्या हापशावरून सहा फेऱ्या मारल्या. सत्तरीला टेकलेला माणूस. लोक पत्रावळीवर जेवले, हात कागदाला पुसले. जावयाचं तोंड उतरलं होतं. जाताना तो सगळ्यांसमोर सासऱ्याला म्हणाला, "आणखी दोन खेपा हिला आन् लेकराला असं ठिवायचं असलं तर मला न्हाई जमायचं. पुढच्या टँकरला पानी मिळालं तर ठीक. न्हाई तर त्याच दिशी दोघास्नी तेलगावला घिऊन जातो."

सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण माहेराहून हलवायची! आमच्याकडं असं झालं की बोलणं आयुष्यभर पुरतं. यार्डवाले खाली मान घालून उभे. अंगठा बिल्ल्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू माझ्याकडं आली. मी तिच्यावरच तोंड टाकलं. "तुम्ही का नाही बोलत त्यांना? बायको आहात की कोण आहात? एकदा ठणकावून सांगा की, नातवासाठी एवढा नियम सोडा!"

"मला न्हाई सांगता येत बाई," ती म्हणाली. "एकडाव सांगितलं व्हतं."

आणि मग तिनं सांगितलं.

"माझं लग्न नवं व्हतं. त्या साली बी दुष्काळच. ऊस वाळून चाललेला. हंगामाच्या शेवटच्या दिशी वरून हुकूम आला, एकशे अकरा गाड्या घ्या आन् काटा बंद करा. माझ्या बापाची गाडी एकशे बारावी. मी ह्यांच्या पाया पडले. म्हनले, येवढा एकच डाव करा, पुन्हा कदी काय मागनार न्हाई. एकशे अकरावा एक नांदूरघाटकडचा गडी व्हता, त्याला वाचता येत न्हवतं. ह्यांनी चुकीचा दिला म्हनून त्याचा बिल्ला मागून घेतला आन् एकशे बाराचा दिला. बापाची गाडी काट्यावर गेली. काटा बंद झाला."

"आणि तो माणूस?"

"आज घेतील, उद्या घेतील म्हनून दोन दिस बसून ऱ्हायला. हौदात पानी न्हाई. तिसऱ्या दिशी त्याचा एक बैल बसला, तो उठलाच न्हाई. तो गडी ह्यांच्याकडं आला. रडला न्हाई, शिव्या दिल्या न्हाईत. येवढंच इचारलं, 'साहेब, माझा नंबर किती व्हता?' हे म्हनले, 'एकशे बारा.'"

काकूनं खिडकीतून खाली सायकलीकडं बघितलं. "तवापासून तो एकशे अकराचा बिल्ला ह्यांच्या खिशात हाय. तवापासून कुनाच्या घरचं पानी पीत न्हाईत. मला कदी एका शब्दानं बोलले न्हाईत हो. पर मी कुठल्या तोंडानं म्हनू, अजून एक डाव रांग मोडा?"

एवढी वर्षं ज्या बिल्ल्याला मी नोकरीची आठवण समजत होते, तो हा होता. या माणसावर मी किती वेळा ओरडले, किती वेळा त्याची टिंगल केली.

"रांग मोडायचीच न्हाई," काकू पदर सावरत म्हणाली. "बाई, तुमी ठराव लिव्हलाय ना? मंग सांगा, चुकलेल्याच्या रांगंत पुढं कोन?"

"जो आधी चुकला तो."

"आन् समदेच चुकले तर?"

मी तिच्याकडं बघतच राहिले. अगं बाई! तीस वर्षं यार्डाच्या क्वार्टरात काढलेली ही बाई. हिला त्यांचे नियम त्यांच्याइतकेच पाठ.

"मी गुत्तेदाराकडनं जाऊन आलेय," ती म्हणाली.

"गुत्तेदाराकडं? तो तर यांच्या जिवावर उठलेला!"

"उठलाय. पर खो-खो हसला बगा. म्हनला, काकू, चुकायचं काम माझ्याकडं द्या."

टँकरच्या दिवशी सकाळी मी खाली उतरले आणि जागच्या जागी थबकले. सगळ्या गाड्या चुकलेल्या! एकसुद्धा रेघेत नाही. मोटरसायकली, स्कुट्या, सायकली, सगळ्या रेघेबाहेर चार-चार बोटं. गुत्तेदाराची जीप तर दोन चौकटींत मिळून. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडं गाडी नव्हती, त्यांनी आपली चाकाची खुर्ची आणून तिरकी उभी केली होती. एका घरानं नातीची तीनचाकी आणली होती, एकानं भाजीचा ढकलगाडा. फक्त टँकरचं वळण ताटासारखं स्वच्छ मोकळं ठेवलेलं. आणि घर क्रमांक नऊची सायकल आपल्या चौकटीत मधोमध. मी माझी स्कुटी काढली आणि रेघेबाहेर चार बोटं ओढली.

यार्डवाले जिना उतरले. पहिली गाडी पाहिली, दुसरी पाहिली. चेहरा पांढराफटक पडला. त्यांना वाटलं, सोसायटी आपल्यावर उलटली. त्यांनी टेप काढला आणि मोजायला सुरुवात केली. मोजायचं, फळ्यापाशी जायचं, लिहायचं, परत यायचं. खडू दोनदा मोडला. आजोबांच्या खुर्चीपाशी थांबले. "हे बी?"

"चाक हाय की," आजोबा म्हणाले. "लिव्हा."

शेवटी माझ्यापाशी आले. "चेरमन बाई, तुमी बी?"

"चार बोटं आहेत. मोजा," मी म्हटलं, आणि तोंड फिरवलं.

टँकर वळून उभा राहिला. जावई गाडी घेऊन फाटकाबाहेर आलेला, लेकीची पिशवी भरून दारात. रफीकभाईंनी पाइप खांद्यावर घेतला. "बोला यार्डवाले, पयला नंबर कुनाचा?"

यार्डवाल्यांनी फळा वरून वाचायला घेतला. पहिल्या ओळीवर त्यांची नजर अडकली. चार दिवसांपूर्वीची, त्यांच्याच अक्षरातली ओळ. खालच्या पस्तीस ओळी आजच्या. ते परत वाचायला लागले, बोटानं एकेक ओळ दाबत. कुठंतरी चूक सापडेल म्हणून शोधत होते बिचारे. मागच्या वेळी यांच्या डोक्यावर घागर ओतायला निघालेली मी, त्या वेळी मनात म्हणत होते, देवा, सापडू देऊ नको.

"टाइम चाललाय हो!" गुत्तेदार जीपला टेकून ओरडला.

काकू नातवाला घेऊन आपल्या ड्रमपाशी उभी होती. तिनं शांतपणे विचारलं, "नंबर बरोबर हाय का न्हाई, तेवढं सांगा."

त्यांनी पहिल्या ओळीवर पुन्हा एकदा बोट ठेवलं. मग म्हणाले, "बरोबर हाय."

"मंग लावा पाइप."

ड्रममध्ये पाण्याची धार पडली. यार्डवाल्यांनी कडुलिंबाच्या बुंध्याला हात लावला आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. खांदे हलत होते. दोन्ही ड्रम काठोकाठ भरेपर्यंत ते तसेच. जावयानं बायकोची पिशवी मुकाट्यानं वर नेऊन ठेवली. त्या दिवशी शेवटची तीन घरं कोरडी राहिली. त्यातलं एक गुत्तेदाराचं आणि एक माझं. गुत्तेदार आपला रिकामा ड्रम खांद्यावर टाकून जिना चढताना यार्डवाले त्याला म्हणाले, "जीपचं तोंड भिताडाकडं हाय तुमच्या." तो हसतच वर गेला.

आषाढात पाऊस झाला, टँकर बंद झाला, फळा उतरला. एक दिवस यार्डवाले धुवट कपडे घालून कुठंतरी गेले. दिवेलागणीला माझं दार वाजलं. दारात तेच. कधी माझ्या उंबऱ्याच्या आत न आलेला माणूस आत आला आणि खुर्चीवर बसला. धुळीनं भरलेला. शर्टाच्या खिशात खडू होता, टेप होता. बिल्ला नव्हता.

"नांदूरघाटला गेलतो," ते म्हणाले.

मी विचारलं, "भेटला?"

"भेटला. म्हातारा झालाय. त्याच्या हातात बिल्ला ठिवला. म्हनलं, तुझा नंबर एकशे अकरा व्हता. मी बदलला."

"मग? काय म्हणाला?"

"लई टाइम बिल्ल्यावरनं अंगठा फिरवत बसला. मंग म्हनला, 'साहेब, मला तवाच ठाऊक व्हतं. वाचता येत न्हाई, पर पयल्या बिल्ल्यावर तीनी खुना सारख्या व्हत्या. दुसऱ्यावर न्हवत्या.'"

"माहीत होतं? मग त्यानं नंबर कशाला विचारला तुम्हाला?"

"मी बी तेच इचारलं. म्हनला, 'तुमच्या तोंडून आयकायचं व्हतं.'"

खाली कुणीतरी मोटरसायकल लावत होतं. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

"तिथनं निघालो तवापसून घसा कोरडा पडलाय," ते म्हणाले. "चेरमन बाई, घोटभर पानी द्या."

मी उठले. तांब्या काठोकाठ भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, एका दमात रिकामा केला, आणि माझ्यापुढं केला.

"अजून हाय का?"